वाचकांचे प्रश्न : ग्रह कुणाला म्हणायचे?

या महिन्यातली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. शाळेचे पुस्तक, पत्रिका, पंचांग आणि फोनमधले अॅप यांतली ग्रहांची माहिती एकमेकांशी जुळत नाही, अशी तक्रार आहे. ती का जुळत नाही आणि कशी जुळवायची, हे नेमके सांगता येते.

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ग्रह आठ आहेत. तिच्या पत्रिकेत नऊ, आणि त्यांत पृथ्वीच नाही. दोन्ही याद्या बरोबर कशा असतील? — एक पालक, डोंबिवली

दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहून काढा. दोन्हींत असलेली नावे पाचच निघतील : बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. पुस्तकात त्यांच्या जोडीला पृथ्वी, युरेनस आणि नेपच्यून आहेत; पत्रिकेत रवी, चंद्र, राहू, केतू. याद्या वेगळ्या आहेत, कारण निवडीची कसोटीच वेगळी आहे.

पत्रिकेची कसोटी पृथ्वीवरून पाहणाऱ्याची आहे. रात्रीचे तारे आपापसांतली जागा सोडत नाहीत. त्यांच्या पार्श्वभूमीवरून जे सरकताना दिसते, त्याची रोजची जागा मोजायची, असा हा हिशेब. सूर्य सरकतो, चंद्र तर दिवसाला सुमारे १३ अंश सरकतो, म्हणून दोघेही यादीत. पृथ्वी निरीक्षकाच्या पायाखाली आहे. ती कोणत्या राशीत आहे हे तिच्यावरच उभे राहून विचारता येत नाही, म्हणून ती यादीत येऊच शकत नाही.

ज्योतिषातही नऊ हा आकडा सगळीकडे चालत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. वार सात, राशींचे स्वामी सात, अष्टकवर्गात (ग्रहांना गुण देण्याच्या पद्धतीत) सात ग्रह आणि लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास. विंशोत्तरी दशेत, म्हणजे आयुष्याची वर्षे ग्रहांना वाटून देण्याच्या पद्धतीत, मात्र नऊ : केतू ७ वर्षे, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, एकूण १२०. ज्या कामाला जेवढे लागतात तेवढे घेतलेले आहेत.

पुस्तकातली यादी आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ठरावावर आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे तो मंजूर झाला. अटी तीन : वस्तू सूर्याभोवती फिरत असावी, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल होण्याइतके तिचे वस्तुमान असावे, आणि आपल्या कक्षेचा परिसर तिने मोकळा केलेला असावा. वाद होतो तो तिसऱ्या अटीवर. ‘मोकळा’ म्हणजे तिथे एकही दगड नाही, असे नाही. गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत. त्या पट्ट्यात सत्ता कुणाची, हे पाहायचे. पृथ्वीचे वस्तुमान तिच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट आहे. प्लूटोचे त्याच्या पट्ट्यातल्या उरलेल्या वस्तूंच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाही. मध्ये कुठे रेष ओढावी असा संभ्रमच पडू नये, इतकी ही दरी मोठी आहे.

प्रश्न : राहू आणि केतू आकाशात नाहीतच असे म्हणतात. मग पंचांगात त्यांचे अंश-कला छापतात ते कशाचे? — वाचक, सांगली

खऱ्याखुऱ्या जागांचे. सूर्याचा तारकांमधला वार्षिक मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. चंद्राची कक्षा त्याच्याशी सुमारे ५ अंश ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) इतकी कललेली आहे, त्यामुळे दोन मार्ग दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे क्रांतिवृत्त ओलांडतो तो बिंदू राहू. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना ओलांडतो तो केतू. या बिंदूंना वस्तुमान नाही, व्यास नाही, दुर्बिणीतून तिथे काही दिसत नाही. पण जागा नेमकी आहे आणि ती धरल्यावाचून ग्रहणाचे गणित मांडता येत नाही.

दोन बिंदू नेहमी समोरासमोर, १८० अंशांवर. म्हणून बऱ्याच पंचांगांत फक्त राहू छापतात. त्यात सहा राशी मिळवल्या की केतू. दोघे उलटे सरकतात, रोज सरासरी ३ कला ११ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). पूर्ण फेरा १८.६ वर्षांचा, म्हणजे एका राशीत साधारण दीड वर्ष.

हे पंचांग उघडून पडताळता येते. १२ ऑगस्ट २०२६, आषाढ अमावास्या. रवी कर्क राशीत सुमारे २६ अंशांवर, केतू सिंहेत सुमारे ६ अंशांवर. अंतर १० अंश. अमावास्येला सूर्य पातबिंदूपासून, म्हणजे राहू किंवा केतूपासून, साधारण १५ अंशांच्या आत असेल तर सूर्यग्रहण होतेच, १८ अंशांपलीकडे होत नाही. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. ग्रीनलँड, आइसलँड, स्पेन या भागातून खग्रास दिसेल, भारतातून दिसणार नाही. आता पुढची पायरी पाहा. चंद्र अजून केतूपर्यंत पोहोचलेला नाही, म्हणजे तो क्रांतिवृत्ताच्या उत्तरेलाच आहे. म्हणूनच सावली पृथ्वीच्या उत्तर भागावर पडते. आधीच्या महिन्यात, १४ जुलैच्या अमावास्येला, रवी केतूपासून ४० अंश दूर आहे, म्हणून ग्रहण नाही. एवढे सगळे राहूच्या रकान्यातून निघते.

दोन पंचांगांत राहूचे अंश वेगळे दिसले तर घाबरू नका. एकात मध्यम राहू असतो, एकसारख्या गतीने चालणारा. दुसऱ्यात स्पष्ट राहू, सूर्याच्या ओढीने होणारी हेलकावणी धरून काढलेला. दोघांत दीड अंशापर्यंत आणि क्वचित किंचित जास्तही फरक पडतो. राशिबदलाच्या तारखेत त्यामुळे काही आठवड्यांचा फरक येऊ शकतो.

प्रश्न : प्लूटोला ग्रहांतून काढले. तरी पत्रिकेत हर्षल, नेपच्यूनसोबत प्लूटो अजून छापतात. का? — वाचक, इंदूर

कारण पत्रिकेतला प्लूटो २००६ च्या ठरावाने आत आलेला नव्हता, तेव्हा ठरावाने बाहेर जाण्याचाही प्रश्न नाही. हर्षलचा, म्हणजे पुस्तकातल्या युरेनसचा, शोध १७८१ चा, नेपच्यूनचा १८४६ चा, प्लूटोचा १९३० चा. पारंपरिक चौकट त्याआधीच पूर्ण झालेली होती. या तिघांना ना वार, ना दशेची वर्षे; राशींचे स्वामित्वही जुन्या ग्रंथांत नाही. आधुनिक ज्योतिषांनी त्यांना जोडून घेतले आणि पंचांगकर्त्यांनी मागणीप्रमाणे रकाना वाढवला.

ग्रहपद गेलेला प्लूटो पहिलाही नाही. पालेर्मो येथे जुझेप्पे पियाझी यांना १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्या मधला ग्रह म्हणून तो काही दशके पुस्तकांत होता. त्याच पट्ट्यात एकामागून एक वस्तू सापडू लागल्या, तेव्हा सगळ्यांना मिळून लघुग्रहांचा वेगळा वर्ग केला गेला. प्लूटोच्या बाबतीत तेच घडले. २००५ मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला. तिचा व्यास प्लूटोहून किंचित कमी, पण वस्तुमान सुमारे सव्वापट. प्लूटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह, आणि मग मागे लागलेली रांग थांबत नाही. आज सेरेस, प्लूटो, एरिस, हाउमेया आणि माकेमाके हे पाच बटुग्रह, म्हणजे पहिल्या दोन अटींत बसणारे पण तिसरीत न बसणारे, मान्य आहेत.

प्लूटोची कक्षा क्रांतिवृत्ताशी १७ अंशांनी कललेली आहे. राशिचक्राचा पट्टा क्रांतिवृत्ताच्या दोन्ही बाजूंना आठ-नऊ अंशांचा. म्हणजे प्लूटो बराच काळ त्या पट्ट्याबाहेर असतो आणि पंचांगात छापतात ती त्याची क्रांतिवृत्तावर आणलेली जागा.

मराठी वाचकांना एक गोष्ट माहीत असायला हवी. ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलसंस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. पहिल्याचे अंतर त्यांनी सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ३९ पट, प्रदक्षिणाकाळ २४२ वर्षांच्या आसपास काढला. एकोणीस वर्षांनी सापडलेल्या प्लूटोचे आकडे ३९.५ आणि २४८. साम्य थक्क करणारे आहे, पण त्याला भाकीत खरे ठरले असे म्हणू नये. केतकरांची पद्धत ग्रहगतींमधल्या प्रमाणांवर उभी होती आणि प्लूटो चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही हलका निघाला. तरीही हे काम आपल्याकडे इतके कमी सांगितले जाते याची खंत वाटते.

प्रश्न : इथे परदेशी संकेतस्थळ १० जानेवारी २०२६ ला गुरू कर्केत दाखवते, भारतातून मागवलेले पंचांग मिथुनेत. आकाशदर्शनाच्या अॅपमध्येही मिथुन. खरे कोणते? — वाचक, न्यू जर्सी

तिन्ही आपापल्या मोजमापाने बरोबर आहेत. गुरू एकाच जागी आहे, मोजपट्टीचा शून्य वेगळा आहे.

परदेशी संकेतस्थळ सायन पद्धत वापरते : शून्य म्हणजे वसंतसंपात, जिथे सूर्य २० मार्चच्या सुमारास असतो. पंचांग निरयन : शून्य ताऱ्यांना बांधलेला. संपात वर्षाला सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो, त्यामुळे दोन शून्यांत अंतर पडते. तेच अयनांश. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी ते २३ अंश १५ कला धरले. २०२६ च्या सुरुवातीला ते सुमारे २४ अंश १३ कला होतात.

आता स्वतः करून पाहा.

पंचांगात दैनिक स्पष्ट ग्रहांचा तक्ता काढा आणि वर कोणती वेळ लिहिली आहे ते आधी वाचा. बहुतेक ठिकाणी सकाळचे ५.३० असतात, कारण तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्र असते. तुमच्याकडे थंडीत त्या क्षणी आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. तारीख एकने चुकते ती इथेच. गुरूला त्याने फार फरक पडत नाही. चंद्र मात्र अर्धा-पाऊण दिवसातच सहा ते दहा अंश हलतो.

गुरूपुढे २-२५-४७ च्या आसपास आकडे दिसतील. पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा. दोन राशी संपल्या, तिसरी चालू. म्हणजे मिथुन २५ अंश ४७ कला. पहिल्या आकड्यालाच राशीचा क्रमांक समजून वृषभ लिहिणे ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. मेषेतला ग्रह ०-ने सुरू होतो, हे लक्षात ठेवले की ती होत नाही.

आता एकूण अंश करा : २ × ३० + २५ अंश ४७ कला = ८५ अंश ४७ कला. त्यात २४ अंश १३ कला मिळवा. झाले ११० अंश, म्हणजे तीन राशी सोडून २० अंश, सायन कर्क २०. तुमच्या संकेतस्थळावर हेच असेल.

स्टेलॅरियमसारख्या अॅपवर ताडून पाहायचे असेल तर गुरूवर टिचकी मारा आणि त्या दिवसाचे क्रांतिवृत्तीय रेखांश वाचा. शेजारीच २००० सालच्या संदर्भाचे आकडेही असतात. ते घेतले तर सुमारे २२ कलांचा फरक राहतो आणि पंचांग चुकले असे वाटते. त्यात पंचांगाची चूक नसते.

हिशेब सुमारे चार अंशांनी हुकला तर हातात टिळक पंचांग आहे का पाहा. ते रेवती ताऱ्यावरून शून्य धरते, त्याचे अयनांश २० च्या घरात येतात. त्याची मकरसंक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीला येते ती यामुळेच.

आणि अॅपमध्ये जी ‘मिथुन’ दिसते ती तिसरीच गोष्ट आहे. तिथे राशी म्हणजे खगोल संघाने सीमा आखलेले तारकासमूह, लहानमोठ्या लांबीचे. पंचांगातली प्रत्येक रास बरोबर ३० अंशांची. १० डिसेंबरचा सूर्य घ्या : सायन पद्धतीत धनू, पंचांगात वृश्चिक, आणि अॅपमध्ये भुजंगधारी, जो बारा राशींत नाहीच. सूर्य त्या समूहातून साधारण ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर जातो. ‘तेरावी रास सापडली’ अशी बातमी अधूनमधून फिरते ती या गोंधळातून. समान लांबीच्या बारा भागांत तेरावा भाग येत नाही.

प्रश्न : वक्री ग्रह खरोखर मागे फिरतो का? — वाचक, मडगाव

नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते, गुरू १३. पृथ्वी गुरू आणि सूर्य यांच्या मधून पुढे निघते तेव्हा आपली नजरेची रेषा ताऱ्यांवर उलटी सरकते. म्हणून बाहेरचा ग्रह वक्री असताना मध्यावर तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. वरच्याच तक्त्यात पाहा : १० जानेवारीला गुरू मिथुन २६ आणि रवी धनू २६ च्या आसपास, सहा राशींचे अंतर. गुरू ११ नोव्हेंबर २०२५ च्या सुमारास वक्री झाला, ११ मार्च २०२६ च्या सुमारास मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालीचा. १० जानेवारी त्याच्या मधोमध येते. बुध आणि शुक्र वक्री असताना मध्यावर सूर्याशी युती असते.

बुध साधारण तीन आठवडे वक्री असतो, शुक्र सहा आठवडे, मंगळ दोन-अडीच महिने, गुरू चार महिने, शनी साडेचार. रवी-चंद्र कधीच नाहीत. छपाईत ‘व’ अक्षर राहून गेले असेल तर लागोपाठच्या दोन दिवसांचे अंश पाहा. आकडा कमी होत असेल तर ग्रह वक्री.

प्रश्न : पंचांगात शुक्राचा अस्त दिला की लग्नाचे मुहूर्त बंद. पण शुक्र तर रोजच मावळतो. — वाचक, रत्नागिरी

रोजचे मावळणे वेगळे. हा अस्त म्हणजे सूर्याच्या जवळ गेल्याने दिसेनासा होणे. मर्यादा कालांशांत दिलेली आहे आणि १ कालांश म्हणजे ४ मिनिटे. गुरूला ११ कालांश. गुरू सूर्याच्या आधी किंवा नंतर ४४ मिनिटांपेक्षा कमी वेळ क्षितिजावर असेल तर तो अस्तंगत. शुक्र तेजस्वी म्हणून त्याला १०, वक्री असताना ८. मंगळाला १७, शनीला १५, बुधाला १४ आणि वक्री असताना १२.

गुरूचा अस्त महिनाभराचा. शुक्राचे मात्र दोन प्रकार आहेत. तो सूर्यापलीकडे असतो तेव्हा सूर्याच्याच दिशेने जवळपास तितक्याच गतीने चालतो आणि सुटायला दीड-दोन महिने लागतात. पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून वक्री जातो तेव्हा आठ-दहा दिवसांत मोकळा होतो. अस्ताच्या तारखा गावाच्या अक्षांशावर अवलंबून असतात, त्यामुळे मुंबई आणि काशीच्या पंचांगांत एक-दोन दिवस इकडेतिकडे होणारच.

प्रश्न : गुरूचा गॅनिमीड हा चंद्र बुधापेक्षा मोठा आहे. मग तो ग्रह का नाही? — विद्यार्थी, नाशिक

पहिल्या अटीवर अडतो : तो गुरूभोवती फिरतो. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, शनीच्या टायटनचा ५,१५०, बुधाचा ४,८७९. पण वस्तुमानात बुध गॅनिमीडच्या दुपटीहून भारी आहे, कारण गॅनिमीडमध्ये बर्फ फार आणि बुधाचा बहुतेक भाग लोखंडी गाभ्याचा. काही ग्रहशास्त्रज्ञ म्हणतात की कक्षा बाजूला ठेवून गोल वस्तूला ग्रह म्हणावे. त्या हिशेबाने आपला चंद्रही ग्रह ठरतो. भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्याला ती व्याख्या सोयीची आहे, सूर्यमालेची रचना समजावून सांगायला २००६ ची जास्त उपयोगी.

प्रश्न : एवढे अचूक गणित आहे, तर ग्रहांचा माणसावर परिणामही होत असणारच ना? — वाचक, सोलापूर

गणित अचूक असणे आणि फल खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत जुळते म्हणून फलादेश जुळेल, असे होत नाही. त्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते. ती महाराष्ट्रात झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळतील त्याहून जास्त नाहीत. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. लग्न किंवा उपचार पत्रिकेसाठी अडवून ठेवू नका, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो.

प्रश्न : हर्षल दुर्बिणीशिवाय दिसतो का? — वाचक, सातारा

त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितके तेज कमी) ५.७ च्या आसपास, म्हणजे पूर्ण काळोख्या आकाशात तरुण डोळ्यांना जेमतेम. १० × ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेतली तर सहज. २०२६ मध्ये तो २५ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्यासमोर येतो, पण आदल्याच दिवशी पौर्णिमा आहे आणि चंद्रही त्याच भागात. म्हणून ४ ते १४ डिसेंबरमधली रात्र धरा. ९ च्या आसपास अमावास्या आहे.

रात्री नऊनंतर पूर्वेला उंचावर कृत्तिकांचा पुंजका आणि त्याच्या खाली तांबूस रोहिणी दिसेल. कृत्तिकांकडून रोहिणीकडे एक-तृतीयांश अंतर या, तिथून सव्वा अंश दक्षिणेला. द्विनेत्रीत कृत्तिका वरच्या कडेला ठेवल्या तर हर्षल त्याच दृश्यात खालच्या बाजूला येतो. त्या भागात तशाच तेजाचे तारेही आहेत, त्यामुळे पहिल्या रात्री खात्री धरू नका. दिसतील तेवढे ठिपके कागदावर मांडा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. हर्षल तेवढ्यात पाव अंशाच्या आसपास, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका पश्चिमेला सरकलेला असेल. बाकीचे ठिपके जागचे हललेले नसतील. जवळ दुर्बीण असेल तर शंभरपट वर्धन लावा : तारा बिंदूच राहतो, हर्षलची फिकट हिरवट चकती होते.